दोन नळ्यांची गाडी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

आपल्याकडे वाहनांना नावंच मुळी आवाजावरून पडली. आगगाडी झाली झुकझुकगाडी, मोटारसायकल झाली फटफटी. त्यामुळे गाडीचा आवाज दाबणाऱ्या सायलेन्सरचा इतिहास सांगायचा म्हणजे थोडं उलट्या बाजूनंच सुरू करायला हवं. मी माझ्याच एका उपद्व्यापापासून सुरुवात करतो.

साल १९८३. पेणला आमच्याकडे एक जुनी पेट्रोल जीप होती. चार सिलिंडरची, मागे धुराची एकच नळी. मी नुकताच मुंबईत एक शेवरले इम्पाला पाहून आलो होतो. मागच्या बंपरखाली डावीकडे एक आणि उजवीकडे एक अशा दोन नळ्या, आणि सिग्नलला उभी असतानासुद्धा ती गाडी पोटातल्या पोटात गुरगुरत होती. आपल्या जीपलाही असंच काहीतरी हवं, हे मनानं घेतलं. गावातल्या वेल्डरनं सायलेन्सर उतरवला, पाण्याच्या नळाचा दीड इंची जीआय पाइप कापला आणि पुढच्या नळीला दोन फाटे काढून दिले. जीआय पाइपवर जस्ताचा मुलामा असतो. वेल्डिंग करताना त्याचा पांढरा धूर त्या बिचाऱ्याच्या छातीत गेला आणि रात्री त्याला थंडी वाजून ताप भरला. आम्ही मात्र थाटात रोह्याला निघालो. वडखळ, नागोठणे, सुकेळी खिंड, कोलाड आणि तिथून आत रोहा. खिंडीत आमचाच आवाज दोन्ही अंगांनी आमच्यावर चालून येत होता. गाडीचा वेग पूर्वीएवढाच होता, चढावर तर काकणभर कमीच.

असं का झालं, हे कळायला मला पुढे बरीच वर्षं लागली.

सिलिंडरमध्ये पेट्रोल जळतं आणि दट्ट्या खाली जातो, पण तो तळाला पोहोचायच्या आधीच धूर बाहेर सोडणारी झडप उघडते. त्या वेळी आत दाब शिल्लक असतो. तो एकदम बाहेर पडतो, म्हणून फट्‌ असा आवाज होतो. सायलेन्सरमध्ये या धुराला आधी मोकळी जागा मिळते, मग तो भोकाभोकांच्या नळ्यांतून फिरतो, लाटांवर लाटा आपटून आवाज मरतो. अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावच्या रीव्ह्ज बंधूंनी अशा डब्याचं पेटंट १८९७ साली घेतलं. पुढे या धंद्यात हिराम पर्सी मॅक्सिम हे नाव गाजलं. यांचे वडील म्हणजे मॅक्सिम मशिनगनचे जनक. मुलानं बंदुकीचा आवाज दाबणारं यंत्र काढलं, त्याचं पेटंट १९०९ साली मिळवलं, आणि तीच विद्या इंजिनांनाही लावली. बापानं केलेला आवाज मुलानं निस्तरला म्हणायचा! अमेरिकन लोक या डब्याला मफलर म्हणतात. गळ्याभोवती गुंडाळतो तोच मफलर.

गंमत म्हणजे सायलेन्सर आला तेव्हापासून तो काढून टाकायची हौसही आली. त्या काळच्या कित्येक मोटारींना कट-आउट नावाचा एक खटका असे. तो ओढला की धूर सायलेन्सरला वळसा घालून थेट बाहेर.

आता दोन नळ्यांकडे येऊ. १९१४ मध्ये कॅडिलॅक कंपनीनं आठ सिलिंडरचं व्ही आकाराचं इंजिन बाजारात आणलं आणि १९३२ मध्ये फोर्डनं तसंच इंजिन सामान्य माणसाच्या गाडीत बसवलं. या इंजिनात चार सिलिंडर डाव्या फळीवर आणि चार उजव्या फळीवर असतात. साहजिकच धूरही दोन बाजूंना गोळा होतो. कारखानदार खर्च वाचवायला दोन्हीकडचा धूर आडव्या नळीनं एकत्र करून एकाच वाटेनं मागे नेत. ही एकच वाट मोठ्या इंजिनाला अपुरी पडे. म्हणून हौशी तरुणांनी दोन्ही बाजू वेगळ्या केल्या आणि त्याचा गाड्यांना खरोखर फायदा झाला. पन्नाशीच्या दशकात कारखान्यांतूनच दोन नळ्यांच्या गाड्या येऊ लागल्या. १९५३ च्या पहिल्या कॉर्व्हेटचं इंजिन तर सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरचं होतं, तरी तिला दोन नळ्या होत्या. पण तिथे इंजिनाच्या तोंडापासूनच धुराचे दोन भाग केलेले होते.

आपल्याकडे काय होतं? मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ मध्ये निघाला होता, त्यामुळे अमेरिकन गाड्या आपल्याला नव्या नव्हत्या. पण स्वातंत्र्यानंतर आयातीवर बंधनं आली आणि रस्त्यावर उरल्या मुख्यतः अॅम्बेसेडर आणि फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातली ती फियाट, म्हणजे पुढची पद्मिनी, १०८९ सीसीची. चार सिलिंडर एका रांगेत, धुराची वाट एक. तिला मागे दोन नळ्या लावणं म्हणजे एका नळाला दोन तोट्या बसवण्यासारखं आहे. पाणी तेवढंच येणार. माझ्या जीपचंही तेच झालं होतं. शिवाय रुंद, मोकळ्या नळीत धुराचा वेग मंदावतो आणि कमी फेऱ्यांवर सिलिंडर नीट रिकामा होत नाही. चढावर ती दमली ती यामुळे.

या हौसेची किंमत कोणी दिली ते सांगायला हवं. त्याच पावसाळ्यात एका रात्री रोह्याहून परतताना मी कासार आळीतून जीप आणली. गणपती जवळ आलेले, कारखान्यांत दिवे लागलेले. कोपऱ्यावर मी पाय वर घेतला. न जळलेलं पेट्रोल तापलेल्या नळीत गेलं, कच्च्या जोडातून आलेल्या हवेशी गाठ पडली आणि बंदुकीसारखा बार उडाला. रस्त्यालगतच्या ओट्यावर एक वयस्कर कारागीर मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करत बसले होते. पेणच्या मूर्तीत सगळा जीव त्या आखणीत असतो. त्यांचा कुंचला पापणीवरून थेट गालावर उतरला. मी खाली उतरलो. ते मला काही बोलले नाहीत. ओल्या फडक्यानं रेघ पुसली, रंग खरवडला, गालावर पुन्हा हात फिरवला आणि मूर्ती सुकायला बाजूला ठेवून दुसरी पुढे ओढली. दुसऱ्या दिवशी मी सायलेन्सर परत बसवला.

कायद्याचं म्हणाल तर १९१४, १९३९ आणि १९८८ असे मोटार वाहनांचे तीन कायदे आपल्याकडे झाले. १९८९ च्या केंद्रीय नियमांत प्रत्येक वाहनाला सायलेन्सर हवा आणि त्यानं आवाज शक्य तितका कमी करावा, असं स्पष्ट म्हटलं आहे. एप्रिल २००५ पासूनच्या नव्या मोटारींना मर्यादा आहे ७४ डेसिबलची. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कारखान्याच्या मूळ रचनेत मनमानी बदल चालणार नाहीत असं बजावलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं आवाज-धुराच्या गुन्ह्याचा दंड १० हजार रुपयांपर्यंत गेला. तरी फटाके फोडणाऱ्या बुलेट काही थांबल्या नाहीत. अनेक शहरांत पोलिसांनी जप्त केलेल्या सायलेन्सरवर रोडरोलर फिरवल्याचे फोटो आपण पाहिलेच आहेत.

हे सगळं पुन्हा आठवायचं कारण माझा भाचा. तो रोह्याला राहतो, धाटावच्या एमआयडीसीत पाळीवर जातो. त्याची चार सिलिंडरची छोटी गाडी १५ वर्षांची झाली. नोंदणीचं नूतनीकरण एमएच ०६ च्या, म्हणजे पेणच्याच आरटीओत. आणि हा पठ्ठ्या त्याआधी दोन नळ्यांचं तयार किट घेऊन माझ्या दारात हजर! ‘मामा, तुम्हीपण लावल्या होत्या ना?’ आता काय बोलणार?

गॅरेजवाल्यानं गाडी वर घेतली आणि बॅटरी मारून एकेक दाखवायला लागला. पुढे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, त्याच्याजवळ ऑक्सिजनचा सेन्सर. त्यांना हात लावला तर धुराची चाचणी नापास. त्यामागची नळी बोटभर अंतरानं पेट्रोलच्या टाकीजवळून जाणारी, आणि उजवीकडे स्टेपनीचा खड्डा. दुसरी नळी न्यायची कुठून? खड्ड्याला घासून नेली तर पत्रा तापणार. आखूड ठेवून बंपरच्या आत संपवली तर विषारी वायू डिकीतून आत येणार, आणि त्याला तर वासही नसतो. वाकवलेल्या जागी किटची नळी चेपलेली होती, म्हणजे वाट रुंद व्हायच्या ऐवजी अरुंद. पोलाद साधं, वर नुसता चकचकीत मुलामा.

मग त्यानं जुना मागचा सायलेन्सर उतरवून तिरका केला. लाल पाणी भळभळ सांडलं. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ लिटरभर पाणी तयार होतं. लांबच्या प्रवासात त्याची वाफ होऊन निघून जाते, पण घर ते कारखाना एवढ्याच फेऱ्यांत नळी पुरती तापत नाही आणि पाणी आत साठतं. धूर दोन नळ्यांत वाटला तर दोन्ही आणखी थंड राहणार, गंज दुप्पट. वर आपल्या कोकणची हवा आहेच.

भाचा बराच वेळ त्या लाल पाण्याकडे पाहत होता. शेवटी त्यानं मूळ घडणीचाच, पण स्टेनलेस पोलादाचा सायलेन्सर बसवून घेतला. किट विकणाऱ्यानं पैसे परत केले नाहीत, बदल्यात दोन टायर दिले. पासिंग झालं. त्या संध्याकाळी तो मला घरी सोडायला निघाला, तेव्हा मीच गाडी कासार आळीतून घ्यायला सांगितली. काच खाली होती. ओट्यावर आता पुढची पिढी बसलेली, मान खाली, हातात कुंचला. आत कुणाचा तरी रेडिओ चालू होता. त्यावरच्या बातम्या गाडीत स्वच्छ ऐकू येत होत्या.