मुरगावची रात्र आणि तिचा चित्रपट

चित्रपटाचे चित्रीकरण कथेच्या क्रमाने होत नसल्यामुळे एका दृश्यात रिकामा झालेला पेला पुढच्याच दृश्यात भरलेला दिसावा, हे या कलेत नित्याचे आहे. आणि असली स्खलने टिपण्याचा छंद हेरपटांच्या बाबतीत विशेष रंगतो, कारण हेराची सारी मातब्बरी बारकाव्यांवरच उभी असते. परंतु ज्या हेरपटाची मूळ घटना आपल्या किनाऱ्याला लागूनच घडली, त्याची तपासणी करताना पेल्यांपेक्षा माणसांची वये पाहणे मला अधिक अगत्याचे वाटते.

मालवणहून दक्षिणेस निघून वेंगुर्ले मागे टाकले आणि तेरेखोलची खाडी ओलांडली, की १९६१ पर्यंत पोर्तुगिजांचा मुलूख लागे. याच पाण्यातून जाणाऱ्या गलबतांना एके काळी त्यांचे दस्तक जवळ बाळगावे लागे, आणि परकीयांची ही सागरी हुकमत मोडण्यासाठीच शिवछत्रपतींनी १६६४ साली कुरटे बेटावर सिंधुदुर्गाचा पाया घातला. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ राहिल्यामुळे एहरेनफेल्स, ब्राउनफेल्स व द्राखेनफेल्स या तीन जर्मन आणि आन्फोरा या एका इटालियन आगबोटीने मुरगावच्या बंदरात आश्रय घेतला. एहरेनफेल्सवरील गुप्त बिनतारी यंत्रावरून जर्मन पाणबुड्यांना दोस्तांच्या जहाजांची खबर पोहोचते, असा इंग्रजांना संशय होता. पण तटस्थ बंदरात उघड फौज घुसवणे म्हणजे तटस्थतेचा भंग. तेव्हा कलकत्ता लाईट हॉर्स या हौशी पलटणीतील व्यापारी, वकील अशा प्रौढ गृहस्थांना पुढे करण्यात आले. वेतन नाही, पदक नाही, अशी अट त्यांनी मान्य केली. फीबी नावाची गाळ वाहणारी बोट सिंहलद्वीपाला वळसा घालून कोचीनला आली, तेथे ही मंडळी तिच्यावर चढली, आणि ९ मार्च १९४३ च्या रात्री त्यांनी एहरेनफेल्सवर हल्ला चढवला.

जेम्स लीझर यांच्या १९७८ च्या पुस्तकाने या गुप्त मोहिमेची हकीकत सर्वांसमोर आणली, आणि तिच्यावरून निघालेला ‘द सी वुल्व्हज’ १९८० साली झळकला. तोपर्यंत गोवा केंद्रशासित प्रदेश होऊन गेला होता. त्याच भूमीवर चित्रीकरण करताना पडद्यापुरते पोर्तुगीज राज्य पुन्हा उभे करावे लागले. मिसेस क्रॉमवेल ही मोहक हेर कथेच्या सोयीसाठी निर्माण केलेली आहे, आणि तिच्या वाट्याला रॉजर मूर आला, जो त्या वर्षांत जेम्स बाँड म्हणूनच जगाला ठाऊक होता. त्यामुळे त्याने साकारलेल्या गॅव्हिन स्टुअर्ट या खऱ्या अधिकाऱ्याच्या अंगावर बाँडची छाया पडणे अपरिहार्यच होते.

तथापि मला सर्वांत खटकते ते हे, की मोहिमेचा म्होरक्या लुइस प्यू १९०७ साली जन्मलेला, म्हणजे त्या रात्री जेमतेम पस्तिशीचा होता, आणि त्याचे काम केले साठी ओलांडलेल्या ग्रेगरी पेकने. पेकचा अभिनय भारदस्त आहे, याविषयी माझी तक्रार नाही. पण उमेदीच्या वयाचा एक फौजी अधिकारी आपल्याहून वडील असलेल्या, संसारात स्थिरावलेल्या गृहस्थांना जिवाच्या जोखमीवर नेतो, या घटनेतील खरा ताण त्यामुळे पडद्यावरून पुसला गेला, आणि उरली ती सारख्याच वयाच्या जुन्या सोबत्यांची अखेरची स्वारी. डेव्हिड निव्हनने, जो चित्रपट झळकला त्या वर्षी सत्तरीचा झाला होता, त्या स्वारीला आपल्या परीने शोभा आणली, हे मात्र कबूल केले पाहिजे. हॉलिवूडचे वैभव सोडून महायुद्धात तो स्वतः इंग्रजी फौजेत दाखल झाला होता.

प्रत्यक्ष हल्ल्याच्या त्या रात्री एहरेनफेल्सचा कप्तान रोफर मारला गेला; पण आगबोट शत्रूच्या हाती पडू नये म्हणून तिच्याच खलाशांनी समुद्राचे पाणी आत घेतले, आणि उरलेल्या तिन्ही आगबोटीही त्यांच्या त्यांच्या माणसांनीच बुडवल्या.