कंठाळ, खुर्जी आणि कॅरिअर

जुन्या क्रमवारीप्रमाणे ज्यांना 3 व 6 हे आकडे होते ते मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन हमरस्ते धुळ्यापाशी एकमेकांस छेदतात, आणि दिवाळीनंतर खानदेशातले ऊन जरा माणसांत आले की या चौफुलीवरून लांब पल्ल्याच्या मोटारसायकलींची जी वर्दळ सुरू होते, ती चहाच्या टपरीवर बसून न्याहाळणे हा माझा अनेक वर्षांचा निरुद्योगी छंद आहे. कोणी मांडूला निघालेला असतो, कोणी ओंकारेश्वराला, कोणी जळगावमार्गे अजिंठ्याला. परंतु सर्वांचा साज एकच. मागच्या चाकाच्या दोन कुशींना दोन पेट्या, बैठकीच्या शेपटाशी लोखंडी नळ्यांचा एक लहानसा चौरंग, आणि त्या चौरंगावर ताडपत्रीत गुंडाळून करकचून आवळलेली वळकटी. टपरीवरचा सार्वत्रिक अभिप्राय असा, की हे सगळे फिरंगी खूळ असून दहा-पाच वर्षांपूर्वी कोणाला ठाऊकही नव्हते. हा अभिप्राय मला मान्य नाही. या साजातील एकही अंग नवे नाही. नवी आहे ती फक्त दोन निरनिराळ्या घराण्यांची सोयरीक, आणि सोयरिकीत जशी कुरबुर व्हायची तशी ती येथेही होते.

पहिले घराणे कुशीवरच्या ओझ्याचे. विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर असते हे खरे, पण बैलाचे ते कुशीवर असते. पाठीच्या कण्यावर थेट भार पडला तर जनावर चार मजलांत जायबंदी होते, म्हणून आधी पाठीवर पालाण, म्हणजे संस्कृतातले पर्याण, घालायचे आणि त्यावरून मध्ये जोडलेली दुतोंडी कंठाळ अशी टाकायची की निम्मे धान्य डावीकडे व निम्मे उजवीकडे लोंबावे. जी गोणी आपण आज बाजार समितीच्या आवारात थप्पीने रचलेली पाहतो, ती मुळात या बैलाच्या पाठीवरची. शब्द इतका जुना की पाणिनीला त्याच्यासाठी स्वतंत्र सूत्र खर्ची घालावे लागले, आणि इतका चिवट की इंग्रजांनी तो मराठीतून उचलून ‘गनी’ असा आपल्या कोशात दाखल करून घेतला. तेव्हा सामानाच्या पिशवीच्या बाबतीत विलायतेने आपल्याला काही दिले असेल, तर त्याआधी घेतलेही आहे, एवढी नोंद असू द्यावी.

सुरतेहून बुऱ्हाणपुराकडे जाणारा मोगलाईतला राजरस्ता नवापूर, नंदुरबार असा खानदेशाच्या अंगावरून जात असे. सतराव्या शतकात या वाटेने गेलेला फ्रेंच जवाहिऱ्या ताव्हेर्निए याने हिंदुस्थानातील लमाणांच्या तांड्यांचे जे वर्णन केले आहे, त्यात एकेका तांड्यात दहा-बारा हजार बैल असत, आणि अरुंद वाटेवर असा तांडा समोरून आला तर तो संपेपर्यंत प्रवाशाला दोन दोन, तीन तीन दिवस खोळंबून राहावे लागे, असे म्हटले आहे. त्यांच्यात चार वर्ग असून एक केवळ धान्य, दुसरा तांदूळ, तिसरा डाळी व चौथा मीठ वाहतो, असेही तो नमूद करतो. 1803 च्या मोहिमेत इंग्रज सेनानी वेलस्लीच्या फौजेचे पोट याच लोकांच्या बैलांवर अवलंबून होते. पुढे 1818 नंतर खानदेश कंपनी सरकारच्या अमलाखाली आला, ब्रिग्ज साहेबाने धुळे हे जिल्ह्याचे ठाणे केले, गाडीरस्ते झाले, जळगाव-भुसावळावरून आगगाडी धावू लागली, आणि ज्या लोकांच्या पायांनी हे रस्ते मळले होते त्यांचा व्यवसाय त्या रस्त्यांनीच बुडवला. तांडा गेला, पण दोन्ही कुशी सारख्या भराव्यात आणि कणा मोकळा ठेवावा हा त्याचा कायदा मागे राहिला.

घोड्याकडे हीच वस्तू फारशी पोशाख करून आली. खुर्जीन या फारशी शब्दाची आपण खुर्जी केली. स्वाराच्या मांडीमागे घोड्याच्या दोन अंगांना लोंबणारी ती जोडपिशवी. तिच्या सोबतीला जीन आले, रिकीब आली, पोटाखालून आवळायचा तंग आला, खोगीर पुढे घसरू नये म्हणून शेपटीखालून घ्यायची दुमची आली. मराठी फौजेतला बारगीर हा शब्दही मुळात ओझे उचलणारा या अर्थाचा. आधी तो जनावराला लागला आणि मग सरकारी घोड्यावर बसणाऱ्या स्वाराला, हा भाषेचा एक क्रूर विनोद आहे. मोटारसायकलवाले आज ज्याला पॅनियर म्हणतात त्याची व्युत्पत्तीही पाहण्यासारखी आहे. लॅटिनमध्ये भाकरीला पानिस, भाकरीच्या टोपलीला पानारिउम. त्यापासून फ्रेंचांची गाढवाच्या दोन अंगांची टोपली आणि त्यापासून इंग्रजांचे पॅनियर. त्याच पानिसपासून पोर्तुगीजांचा जो शब्द झाला तो गोव्यामार्गे आपल्याकडे पाव होऊन आला. म्हणजे टपरीवर आपण चहात बुडवतो तो पाव आणि समोरून जाणाऱ्या गाडीची ती पेटी, ही सख्खी नसली तरी चुलत भावंडे खचित आहेत.

दुसरे घराणे कॅरिअरचे. ते अर्वाचीन आहे, जनावराशी त्याचे नाते दूरचे, आणि त्याचा मूळपुरुष सायकल. स्टार्लीने 1885 साली सारख्या चाकांची रोव्हर सायकल काढली. तिच्यासारख्या सायकलींच्या मागच्या चाकावरची पत्र्याची कमान मोकळी असल्यामुळे तीवर नळ्यांची एक फळी बसवण्याची कल्पना कोणालाही सुचली असती, आणि ती अनेकांना सुचली. मोटारसायकल ही आरंभी इंजिन लावलेली सायकलच असल्यामुळे हा वारसा तिला आयताच मिळाला. गमतीचा भाग असा, की जुन्या मोटारसायकलींवर सामानाचा कॅरिअर आधी आला व मागे बसणारे माणूस नंतर; त्या माणसासाठी वेगळी बैठक नव्हती, कॅरिअरवर उशी बांधून त्याची बोळवण होई. पहिल्या महायुद्धातील जासूदांच्या ट्रायम्फ गाड्यांवर या कॅरिअरच्या दोन बाजूंना हत्यारांच्या लहान चामडी पेट्या टांगलेल्या दिसतात, आणि दुसऱ्या महायुद्धातील बी.एस.ए.च्या एम-20 गाडीवर तर लोखंडी चौकटीत बसवलेल्या जाड किंतानाच्या पुऱ्या खुर्ज्याच आहेत. दोन घराण्यांची सोयरीक जुळली ती लष्करी छावणीत.

नागरी जीवनात तिला प्रतिष्ठा मिळण्यास आणखी तीस-चाळीस वर्षे जावी लागली. 1978 साली इटलीतील ब्रेशिया येथे जुझेप्पे व्हिझेंझी याने गिव्ही ही पेट्यांची पेढी काढली. हा गृहस्थ शर्यतीतला स्वार, 1969 च्या जागतिक स्पर्धेत 350 सी.सी. गटात तिसरा आलेला. गाडीवरचा एकेक तोळा उतरवण्यात ज्याची हयात गेली, त्याने उत्तरायुष्यात गाडीवर ओझे चढवण्याचा कारखाना काढावा, याला दैवगती म्हणावे की अनुभव, हे वाचकाने ठरवावे.

आपल्याकडे मात्र हे काम कारखान्याच्या आधी वेल्डिंगवाल्याने केले. रावेर-यावलच्या केळीपट्ट्यात सायकलीच्या कॅरिअरवर आडवी फळी टाकून दोन्ही अंगांना घड लोंबवण्याची रीत पुष्कळांनी पाहिली असेल. कंठाळीचा कायदा तो हाच. पोलिश नमुन्यावरून एस्कॉर्ट्स कंपनीने 1962 च्या सुमारास बाजारात आणलेली राजदूत ही गाडी तर गवळ्यांनी जणू दत्तकच घेतली. बैठकीवरून आडवी अँगलची चौकट, तिच्या दोन टोकांना वाकवलेल्या सळईचे हुक, हुकांना दुधाचे कॅन, आणि मागच्या कॅरिअरवर सरकीच्या पेंडीचे पोते. हा साज ज्याने पहाटेच्या अंधारात कच्च्या रस्त्यावरून धडधडत येताना ऐकला आहे, त्याला 2016 साली हिमालयन या गाडीने मागचा कॅरिअर अंगचाच आणला व बाजूच्या पेट्या मागणीप्रमाणे पुरवल्या, या वार्तेने फारसे आश्चर्य वाटू नये. गवळ्याच्या चौकटीत आणि या पेट्यांत फरक रंगाचा व किमतीचा. एक मात्र कबूल केले पाहिजे. गवळ्याचे कॅन परतताना रिकामे असत. प्रवाशाची पेटी परतताना अधिकच भरलेली असते.

आता कुरबुरीकडे येऊ. पेट्यांची चौकट आणि मागचा कॅरिअर ही दोन्ही एकाच गाडीवर चढवायची म्हटली, की दोघांनाही गाडीच्या सांगाड्यातली तीच भोके हवी असतात. बैठकीमागचा हातधरा ज्या बोल्टांनी बसवलेला असतो त्यांची, किंवा शॉकॲब्सॉर्बरच्या वरच्या टोकाजवळची. माझ्या एका तरुण स्नेह्याने घरच्या घरी हा उपद्व्याप केला. हातधऱ्याच्या जुन्याच बोल्टाखाली आधी कॅरिअरची पट्टी सारली, तिच्याखाली पेटीच्या चौकटीची पट्टी सारली, आणि बोल्ट आवळून मोकळा झाला. दोन पट्ट्यांची जाडी मिळून बोल्टाची जेवढी लांबी खाल्ली गेली तेवढे आटे आत धरायला उरले नाहीत, आणि पारोळ्याच्या अलीकडे एका खड्ड्यात त्या उरलेल्या आट्यांनी राजीनामा दिला. गाडी कशीबशी धुळ्यास आली. आग्रा रोडवरच्या वेल्डिंगच्या दुकानातील प्रौढ कारागिराने ती पाहून कपाळाला हात वगैरे काही लावला नाही, एवढेच म्हणाला, “भाऊ, बोल्ट तोच, आन् पाहुणे दोन वाढले. त्याला उंची नको का वाढवायला?”

त्याने जे केले ते शास्त्राला धरून होते. 8.8 असा शिक्का असलेले लांब बोल्ट आणले, चौकट व सांगाडा यांच्यामध्ये नळीचे बुश कापून घातले, आणि सगळे बोल्ट हाताने लागेपर्यंत एकालाही पाना लावू दिला नाही, कारण एक कोपरा आधी आवळला की दुसऱ्या कोपऱ्याचे भोक सुतभर सरकलेच म्हणून समजावे, आणि ओढूनताणून बसवलेली चौकट पुढे वेल्डिंगपाशी तडकते. मग नंबरपाटीच्या मागून डाव्या-उजव्या चौकटींना जोडणारी एक आडवी पट्टी मारली. पेट्या भरल्यावर दोन्ही चौकटी स्वतंत्रपणे लचकतात आणि ती लचक वळणावर गाडीच्या शेपटीत उतरते. ही आडवी पट्टी तिला आवरते. मला ती पाहताक्षणी दुमची आठवली. शेवटी एका माणसाला मागे बसवून, गाडी दाबून, मागचे चाक धरणारा चिमटा पुरा वर आला तरी चौकटीला लागत नाही याची खातरजमा केली. मजुरी सांगितली ती मात्र माझ्या स्नेह्याच्या मते अल्प व माझ्या मते रास्त होती.

वजनाचा हिशेब तर सोयरिकीचा खरा करारनामा आहे. समजा, दोन चाकांच्या आसांत 1450 मि.मी. अंतर आहे, आणि मागच्या आसाच्या 300 मि.मी. पाठीमागे कॅरिअरवर 15 किलो ठेवले; तर तरफेच्या साध्या नियमाने पुढच्या चाकावरचा भार सुमारे 3 किलोंनी घटतो. तेच 15 किलो आसाच्या 100 मि.मी. पुढे, पेटीच्या तळाशी ठेवले, तर पुढच्या चाकावर उलट किलोभर भर पडते. तीन किलो म्हणजे काही विशेष नाही असे घरात बसून वाटते. कन्नड घाटाच्या वळणावर हँडल हातात हलके वाटू लागले की मत बदलते. म्हणून पाना, हत्यारे, पाण्याच्या बाटल्या असे जड ते पेट्यांत खाली व पुढे, आणि कॅरिअरवर केवळ वळकटी. दुसरी गोष्ट तांडेवाल्याला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. बैलाच्या दोन्ही कुशी सारख्या असतात, मोटारसायकलीच्या नसतात. सायलेन्सर ज्या अंगाला असेल त्या अंगाची पेटी बाहेर सरकते, तिचा हात लांब होतो, आणि तराजूवर समान भरलेल्या दोन पेट्या गाडीवर असमान ठरतात. सायलेन्सरकडची पेटी थोडी हलकी ठेवणे हाच त्यावर उपाय. राहिले ते इतर सामान. त्याला मराठीने खोगीरभरती हा चपखल शब्द देऊन ठेवला आहे आणि तो घरी ठेवण्याचा माल आहे.

डाव्या अंगाला आपल्या देशात आणखी एक हक्कदार असतो, तो साडीगार्ड. मागे बसणाराचे वस्त्र चाकात अडकू नये म्हणून 1989 च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतील 123 व्या नियमाने मागचे चाक निदान अर्धे झाकण्याची तरतूद केली आहे. डावी पेटी बसवताना साडीगार्ड बहुधा आड येतो व बहुधा काढला जातो. माझे मत विचाराल तर पेटी काढून गाडी गावात वापरायची असेल तेव्हा तो परत चढवावा. मागे बसणारी बाई पेटी नसतानाही बसते. कॅरिअरवर चढवायच्या पेटीलाही 2020 साली सरकारने माप घातले: लांबी 550, रुंदी 510 आणि उंची 500 मि.मी. याहून अधिक नाही, आणि ती मागच्या माणसाच्या जागेवर बसवली तर मागे माणूस बसवायचा नाही. ज्या कॅरिअरवर पूर्वी उशी टाकून माणूस बसवत, त्याच्यासाठी अखेर जागेचा निवाडा झाला तो असा.

नव्या बसवलेल्या चौकटीचे बोल्ट पहिल्या शंभर किलोमीटरांत थोडे तरी सैल पडतातच. धुळ्याहून उत्तरेस निघालेल्या प्रवाशाने सोनगीर, शिरपूर मागे टाकून पळासनेरला, पुढचा घाट लागण्यापूर्वी, चहासाठी थांबावे आणि चहा येईपर्यंत त्या सर्व बोल्टांना एकेकदा पाना लावून पाहावा.