बिल्डर म्हणतो ‘ग्रीन बिल्डिंग’, पण शिक्का कुणाचा? आयजीबीसी, गृहा, लीड, एज : संपूर्ण माहिती आणि मोबाईलवर तपासायची पद्धत

मी निगडीत राहतो. भक्ती-शक्ती चौकातून रावेतकडे निघालं की दोन्ही बाजूंना नव्या प्रोजेक्टचे होर्डिंग दिसतात. त्यातल्या बऱ्याच होर्डिंगवर कोपऱ्यात एक हिरवं पान आणि खाली ‘गोल्ड’, ‘प्लॅटिनम’ किंवा ‘फाईव्ह स्टार’ असं लिहिलेलं असतं. हे स्टार देतं कोण? कशावर देतं? आणि ते खरंच मिळालेत की मिळणार आहेत, हे आपल्याला फोनवर तपासता येतं का? आजच्या लेखात आपण हेच बघणार आहोत.

हा विषय मी शिकलो तो ठेच लागल्यावर. आमच्या बिल्डिंगच्या लॉबीत काचेच्या फ्रेममध्ये एक ग्रीन सर्टिफिकेट लावलेलं आहे. सोसायटीच्या सभेत कुणीतरी म्हणालं, ‘आपल्या महापालिकेत ग्रीन बिल्डिंगला मालमत्ता करात सवलत आहे, आपण अर्ज का करत नाही?’ कॉम्प्युटर कळणारा म्हणून ते काम माझ्याकडे आलं. कागद गोळा करताना फ्रेम खाली उतरवून नीट वाचली, तर त्यावर लिहिलं होतं ‘प्री-सर्टिफाईड’. म्हणजे डिझाईन बघून दिलेला सुरुवातीचा कागद. बांधकाम झाल्यावर घ्यायचं अंतिम प्रमाणपत्र बिल्डरने घेतलंच नव्हतं. सात वर्षं आम्ही पाहुण्यांना ती फ्रेम कौतुकाने दाखवत होतो!

ग्रीन रेटिंग म्हणजे नेमकं काय?

फोनचं उदाहरण घेऊ. ‘पाण्यात टिकतो’ ही जाहिरात झाली. ‘आयपी ६८’ हे ठरलेल्या चाचणीवर आधारलेलं मानक झालं. फ्रिजवरचे स्टारही तसेच. बिल्डिंगसाठी असंच काम काही संस्था करतात. जागेची निवड, पाण्याचा वापर, विजेची बचत, बांधकामाचं साहित्य, कचरा, घरातली हवा आणि उजेड अशा मुद्द्यांना त्या गुण देतात आणि बेरजेवरून दर्जा ठरवतात.

यात एक गोष्ट लक्षात ठेवा. हे रेटिंग बहुतेक वेळा ऐच्छिक असतं. बिल्डर फी भरतो, कागदपत्रं देतो, संस्था तपासते. बांधकाम परवानगी आणि भोगवटा प्रमाणपत्र महापालिका देते, त्याची जागा हे रेटिंग घेत नाही.

भारतात शिक्का देणाऱ्या मुख्य संस्था

१) आयजीबीसी (इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल)
सीआयआय या उद्योगांच्या संघटनेने २००१ मध्ये ही संस्था सुरू केली. मुख्यालय हैदराबादला. तिथली सीआयआय-सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरची इमारत २००४ मध्ये तेव्हाचे राष्ट्रपती डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम यांच्या हस्ते सुरू झाली. लीड प्लॅटिनम मिळवणारी ती अमेरिकेबाहेरची पहिली इमारत. आयजीबीसीचे दर्जे असे : सर्टिफाईड, सिल्व्हर, गोल्ड, प्लॅटिनम. घरं, कारखाने, शाळा यांच्यासाठी वेगवेगळे निकष आहेत. पुण्यात संस्थेचं चॅप्टरही आहे.

२) गृहा
टेरी ही दिल्लीची संशोधन संस्था आणि केंद्राचं नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय यांनी मिळून ही पद्धत तयार केली. २००७ मध्ये ती राष्ट्रीय रेटिंग पद्धत म्हणून स्वीकारली गेली. एकूण १०० गुण. २५ ते ४० ला एक स्टार, ४१ ते ५५ ला दोन, ५६ ते ७० ला तीन, ७१ ते ८५ ला चार आणि ८६ च्या पुढे पाच स्टार. २,५०० चौरस मीटरपेक्षा लहान इमारतींसाठी ‘स्वगृहा’ ही सोपी आवृत्ती आहे. गावाकडे बंगला बांधायचा विचार असेल, तर ती जरूर बघा.

३) लीड
अमेरिकेतल्या यू. एस. ग्रीन बिल्डिंग कौन्सिलची (स्थापना १९९३) ही पद्धत. ११० पैकी ४० गुणांना सर्टिफाईड, ५० ला सिल्व्हर, ६० ला गोल्ड आणि ८० ला प्लॅटिनम. आयटी पार्क आणि मोठ्या कंपन्यांची ऑफिसं यांत हे नाव जास्त ऐकू येतं. हडपसरचं ‘सुझलॉन वन अर्थ’ हे कॅम्पस आपल्या जवळचं उदाहरण. वास्तुरचनाकार ख्रिस्तोफर बेनिंजर यांनी ते डिझाईन केलं. त्याला लीड प्लॅटिनमही आहे आणि गृहाचे पाच स्टारही.

४) एज
जागतिक बँक गटातल्या आयएफसीची ही पद्धत. तिचा हिशेब सरळ आहे. वीज, पाणी आणि साहित्य तयार करताना होणारं कार्बन उत्सर्जन, या तिन्हींत नेहमीच्या इमारतीपेक्षा किमान २० टक्के घट दाखवावी लागते. तिचं ऑनलाईन सॉफ्टवेअर फुकट वापरता येतं. खिडक्या लहान केल्या किंवा नळ बदलले तर किती फरक पडतो, हे आकडे टाकून स्वतः बघता येतं.

शिक्का न देणाऱ्या, पण महत्त्वाच्या संस्था

‘कौन्सिल ऑफ आर्किटेक्चर’ ही १९७२ च्या आर्किटेक्ट्स कायद्याने स्थापन झालेली संस्था. तिच्याकडे नोंदणी असल्याशिवाय स्वतःला आर्किटेक्ट म्हणवता येत नाही. ‘इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्स’ ही मात्र व्यावसायिकांची आपली संघटना, तिचं मूळ १९१७ च्या मुंबईत आहे. एसी आणि वातानुकूलन क्षेत्रातल्या इंजिनिअरांची ‘इश्रे’ १९८१ पासून आहे. या संस्था परिसंवाद, प्रशिक्षण, स्पर्धा घेतात. आर्किटेक्टला उन्हाची दिशा कळली आणि एसीवाल्याला योग्य क्षमता काढता आली, तर निम्मं काम तिथेच होतं.

सरकारी बाजूला बीईई आहे, म्हणजे फ्रिज-एसीवर स्टार लावणारी ती ऊर्जा कार्यक्षमता संस्था. तिने २०१८ मध्ये घरांसाठी ‘इको निवास संहिता’ आणली. त्यात भिंती आणि खिडक्यांतून आत येणाऱ्या उष्णतेला दर चौरस मीटरला १५ वॉट अशी कमाल मर्यादा घातली आहे. पश्चिमेच्या बेडरूममध्ये एप्रिलची दुपार काढली असेल, तर हा आकडा का हवा ते सांगायला नको.

बिल्डरला यात काय मिळतं?

इथे खरी गोम आहे. महाराष्ट्राच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत (२०२०) ग्रीन इमारतीला मूळ एफएसआयवर जादा एफएसआय मिळतो :

• गृहा तीन स्टार किंवा आयजीबीसी सिल्व्हर : ३ टक्के
• गृहा चार स्टार किंवा आयजीबीसी गोल्ड : ५ टक्के
• गृहा पाच स्टार किंवा आयजीबीसी प्लॅटिनम : ७ टक्के

समजा मूळ एफएसआयने ४,४०० चौरस मीटर बांधकाम बसतं. ७ टक्के म्हणजे ३०८ चौरस मीटर, साधारण ३,३०० चौरस फूट जास्त. म्हणजे चार-पाच फ्लॅट! म्हणूनच नियमावलीत दंडही आहे. कबूल केलेला दर्जा शेवटी मिळाला नाही, तर त्या जादा एफएसआयसाठी रेडी रेकनरमधल्या जमिनीच्या किमतीच्या दुप्पट दंड बसतो.

यात पिंपरी-चिंचवड महापालिका बरीच आधी उतरली. गृहा रेटिंग असलेल्या प्रकल्पांना बिल्डरच्या प्रीमियममध्ये आणि फ्लॅटधारकांच्या मालमत्ता करात सवलत देण्याचं धोरण इथे राबवलं गेलं. सवलतीचे दर आणि अटी बदलतात, त्यामुळे अर्ज करण्याआधी त्या वर्षीचे नियम महापालिकेच्या कर विभागात विचारून घ्या.

तीन शब्द, तीन अर्थ : इथेच फसगत होते

रजिस्टर्ड : फक्त नाव नोंदवलं, फी भरली. परीक्षेचा फॉर्म भरला, एवढंच.

प्री-सर्टिफाईड किंवा प्रोव्हिजनल : आयजीबीसीचं प्री-सर्टिफिकेशन नकाशे आणि डिझाईन बघून मिळतं. गृहामध्ये ‘प्रोव्हिजनल’ आणि एजमध्ये ‘प्रिलिमिनरी’ असे शब्द दिसतील. हे लाँचच्या आधी आलेल्या स्पेक शीटसारखं समजा. खोटं नाही, पण फोन अजून हातात आलेला नाही.

सर्टिफाईड किंवा फायनल रेटिंग : इमारत पूर्ण झाल्यावर पुरावे तपासून दिलेला दर्जा. आपल्याला हवा तो हाच. गृहाचं रेटिंग पाच वर्षांसाठी असतं, त्यामुळे तारीखही बघा.

मोबाईलवर कसं तपासायचं? (स्टेप बाय स्टेप)

स्टेप १ : जाहिरातीवरचा महारेराचा क्यूआर कोड स्कॅन करा. १ ऑगस्ट २०२३ पासून जाहिरातीत तो देणं बंधनकारक आहे. प्रोजेक्टचं कायदेशीर नाव आणि कंपनीचं नाव तिथून कॉपी करा. होर्डिंगवरचं गोंडस नाव आणि नोंदणीचं नाव बऱ्याचदा वेगळं असतं.

स्टेप २ : ज्या संस्थेचं पान छापलंय, तिच्या वेबसाईटवर प्रकल्पांची यादी उघडा. आयजीबीसी, गृहा, लीड, तिघांच्याही साईटवर प्रकल्पांची माहिती असते. नाव सापडलं नाही तर कंपनी आणि शहर टाकून शोधा.

स्टेप ३ : नावापुढे वरच्या तीनपैकी कोणता शब्द आहे, ते बघून स्क्रीनशॉट घ्या.

स्टेप ४ : प्रमाणपत्र कोणत्या विंगचं आहे ते विचारा. ए विंगचं रेटिंग डी विंगला आपोआप लागू होत नाही.

स्टेप ५ : यादीत काहीच नसेल तर संस्थेला सरळ ईमेल करा. त्याच वेळी बिल्डरलाही ईमेलने विचारा, ‘अंतिम प्रमाणपत्र कधी आणि कुणाच्या खर्चाने घेणार?’ उत्तर तोंडी नको, लेखीच घ्या.

ब्रोशर टाकून देऊ नका, पीडीएफ जपून ठेवा. रेरा कायद्याच्या कलम १२ प्रमाणे जाहिरातीतल्या चुकीच्या माहितीवर विसंबून पैसे भरले आणि नुकसान झालं, तर भरपाई मागता येते. त्या वेळी हाच पुरावा कामी येतो.

रेटिंग मिळालं म्हणजे झालं का?

नाही. आपल्या शहरात नोव्हेंबर २०१९ पासून दिवसाआड पाणी आहे. पवना नदीतून रावेतला उचललेलं पाणी निगडीच्या सेक्टर २३ मधल्या केंद्रात शुद्ध होऊन घरी येतं, आणि उन्हाळ्यात सोसायट्यांच्या गेटवर टँकर उभे राहतात. अशा शहरात एसटीपी चालू असणं हा रोजच्या पाण्याचा प्रश्न आहे. आमच्याकडे एसटीपी होता, पण वीजबिल वाचवायला तो बंद ठेवलेला. पावसाचं पाणी जिरवायचा खड्डा होता, पण गाळाने भरलेला. ५०० चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या भूखंडावरच्या नव्या बांधकामाला पर्जन्यजल पुनर्भरण तर नियमानेच लागतं. पण खड्डा साफ करायला दरवर्षी कुणीतरी उठावं लागतं, ते काम प्रमाणपत्र करत नाही.

म्हणून साईट बघायला गेलात तर एवढं नक्की विचारा : एसटीपीचं पाणी फ्लशला वापरायला दुहेरी पाईपलाईन आहे का? सोलर पॅनेलची वीज कशाला जोडली आहे? पश्चिमेच्या खिडक्यांना वर छज्जा आहे का?

नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आयजीबीसी चांगलं की गृहा? दोन्ही चालतात, एफएसआयच्या नियमात दोघांना समान पायऱ्या आहेत. नावापेक्षा ‘अंतिम’ हा शब्द जास्त महत्त्वाचा.

ग्रीन बिल्डिंगमध्ये फ्लॅट महाग असतो का? जागा आणि बिल्डरप्रमाणे फरक पडतो. किंमत जास्त सांगितली तर वीज, पाणी आणि टँकरचा मासिक खर्च किती कमी होईल, याचा हिशेब मागा. तयार बिल्डिंग असेल तर सोसायटीची जुनी बिलं बघा.

मी सिव्हिल किंवा आर्किटेक्चरला आहे. मला काय करता येईल? आयजीबीसीची ‘अ‍ॅक्रेडिटेड प्रोफेशनल’ आणि लीडची ‘ग्रीन असोसिएट’ या परीक्षा देता येतात. ग्रीन असोसिएटला १०० प्रश्न असतात आणि २०० पैकी १७० गुण लागतात. कॉलेजात आयजीबीसीचं स्टुडंट चॅप्टर आहे का, तेही विचारा.

शेवटी

आमच्या सोसायटीचं काय झालं? बिल्डरला दोन पत्रं गेली, उत्तर आलं की ‘प्रकल्प हस्तांतरित झाला आहे’. ग्रीन बिल्डिंगची कर सवलत अजून नाही. पण एसटीपी आम्ही चालू केला, खड्डा उपसला, आणि जुन्या इमारतींसाठी असलेल्या रेटिंगची चौकशी सुरू आहे. लॉबीतली फ्रेम काढली, तिथे आता दर महिन्याचा टँकरचा आकडा लिहितो. तो कमी होतोय का, हे लहान मुलंही बघतात.

तुमच्या घरातलं कुणी फ्लॅट बघत असेल, तर टोकन देण्याआधी या पाच स्टेप त्यांच्या फोनवर करून द्या. दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. आम्ही ते सात वर्षांपूर्वी करायला हवं होतं.