खर्जाची तार

बनशंकरी परिसरातल्या मराठी घरांत माळ्यावर किंवा कपाटामागे गवसणीत गुंडाळलेला एखादा तंबोरा हमखास सापडतो. आजीचा नाहीतर सासरेबुवांचा. त्यावर गाणारे कोणी उरलेले नसते, तारा काळवंडलेल्या, एखादी तुटलेली. मग कोणीतरी उत्साहाने बाजारातून नवा संच आणतो, चारही जुन्या तारा कापून टाकतो, आणि त्या तारांबरोबर वाद्याची अर्धी ओळखच केराच्या डब्यात जाते! म्हणून हा लेखनप्रपंच.

आपल्याकडचे बहुतेक जुने तंबोरे मिरजेचे. साधारण १८५० च्या सुमारास तिथले फरीदसाहेब आणि मोईनुद्दीन हे दोघे शिकलगार बंधू, म्हणजे शस्त्रांना धार लावणारे कारागीर, वाद्यदुरुस्तीकडे वळले. संस्थानी लढायांचे दिवस संपले होते, हत्यारांना गिऱ्हाईक उरले नव्हते. पुढे त्यांच्या वंशजांनी सतारमेकर गल्ली उभी केली. भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडचे, लाकूड बरेचसे आपल्या कर्नाटकातले. खाँसाहेब अब्दुल करीम खाँ (१८७२-१९३७) मिरजेत स्थायिक झाले, आणि ते स्वतः वाद्ये दुरुस्त करण्यात वाकबगार होते. या मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. तंजावरी तंबुरा मात्र वेगळा. त्याला भोपळा नसतो, घट फणसाच्या लाकडाचा कोरलेला असतो. बेंगळूरकरांना दोन्ही पाहायला मिळतात, हे आपले भाग्य.

आता मूळ मुद्दा, चौथी तार. मधली जोड पोलादाची. खर्जाची मात्र पितळेची किंवा ब्राँझची. षड्ज एक सप्तक खाली उतरवायचा तर तार जड हवी, आणि तरी लवचीक हवी. जाड पोलाद ताठर होते, पितळ वाकते. पाश्चात्त्य वाद्यवृंदातल्या डबल बेसलाही हीच अडचण होती. त्याला पूर्वी मेंढीच्या आतड्याची तात असे, आणि खालच्या स्वरांसाठी तिच्यावर तांब्याची तार गुंडाळीत. आपल्या सारंगीलाही तातच असते. तंबोऱ्याने धातूची वाट धरली, आणि जवारीवर धातूच अधिक खुलतो असे मला वाटते.

जुनी तार ओळखायची कशी? लोहचुंबक लावून पाहा. चिकटली तर पोलाद, नाही तर पितळ वा ब्राँझ. एका टोकाला हलकेच पुसले की पितळ पिवळे दिसते, ब्राँझ तांबूस. जाडी मात्र डोळ्यांनी ठरवू नये, मायक्रोमीटरने मोजावी. पुड्यांवरचे आकडे तर भल्याभल्यांना चकवतात. पितळेच्या तारेचा गेज वाढला की तार बारीक होते: २२ म्हणजे सुमारे ०.७१ मिलिमीटर, २४ म्हणजे ०.५६, २६ म्हणजे ०.४६. पोलादाच्या तारेचे नेमके उलटे. ५ नंबर ४ पेक्षा जाड!

या जाडीवरूनच कळते की तंबोरा कोणत्या पट्टीसाठी लावलेला होता. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंच्या वाद्याला मर्दानी, काळी एकची जाड खर्ज चढवली आणि तीच उंच पट्टीत ओढली, तर ताण वाढून तबली खचते. भोपळ्याला तडा गेला तर आणखीच पंचाईत. शिवाय जुन्या तारेने जवारीवर पाडलेल्या खाचेत वेगळ्या जाडीची तार नीट बसत नाही, आणि स्वर भुसभुशीत येतो.

तार अजून जिवंत आहे की नाही याची परीक्षा सोपी आहे. जवारी व जीव (तो सुती धागा) नीट लावून खर्ज छेडा. किराणा घराण्याच्या रसिकांना प्रिय असलेला स्वयंभू गांधार त्यातून स्पष्ट ऐकू आला, तर ती तार बदलू नका, कितीही काळी असो. गांधार येत नसेल आणि स्वर डळमळत असेल, तर तिचे दिवस भरले.

एरवी निगा म्हणजे काय? वाजवून झाल्यावर कोरड्या सुती फडक्याने पुसणे. चिंच, पितांबरी वगैरे देवघरातच ठेवावीत; तारेवर त्यांनी खड्डे पडतात. घडी पडू देऊ नये, पितळ तिथेच तुटते. महिनोन्महिने वाजवणार नसाल तर खुंट्या थोड्या सैल कराव्यात, पण पूर्ण नव्हे. आणि चारही तारा एकदम कधी काढू नयेत, कारण काही वाद्यांत घोडी तारांच्या दाबानेच जागेवर असते.

आपल्याच शहरात जी. राज नारायण यांनी १९७९ च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक तंबोरा बनवला, आणि गवयांची प्रवासातली मोठी सोय झाली. त्याबद्दल तक्रार नाही. पण त्यामुळेच माळ्यावरचे तंबोरे माळ्यावरच राहिले, हेही खरे.

तार काढावीच लागली तर तिचा वेटोळा करून कागदाच्या पाकिटात ठेवा. वर पट्टी, जाडी आणि काढल्याची तारीख लिहा. राणी चन्नम्मा एक्स्प्रेसने तंबोरा मिरजेला दुरुस्तीला न्याल, तेव्हा ते पाकीट बरोबर घ्या. कारागीर सर्वांत आधी तेच मागेल.