विणणाऱ्या बाईवर कोण संशय घेणार?

सेंट मेरी मीड या खेड्यातल्या एका घरात काही मंडळी न उलगडलेल्या गुन्ह्यांवर गप्पा मारत बसली आहेत. त्यांत लेखक आहे, वकील आहे, स्कॉटलंड यार्डचे माजी आयुक्तही आहेत. शेगडीजवळ एक वृद्धा पांढऱ्या मऊ लोकरीचं काहीतरी विणते आहे. माणसं मोजताना तिला मोजायचंच राहून जातं, पण रहस्य उलगडते तीच. अगाथा ख्रिस्तीची ही कथा डिसेंबर १९२७मध्ये ‘रॉयल मॅगझिन’मध्ये आली आणि मिस मार्पलचा जन्म झाला.

पुढच्याच वर्षी पॅट्रिशिया वेंटवर्थने ‘ग्रे मास्क’मध्ये मिस सिल्व्हरला आणलं. ही निवृत्त शिक्षिका, आता खासगी गुप्तहेर. अशील आपली कर्मकहाणी सांगत असतो आणि बाई तान्ह्या बाळांचे कपडे विणत ऐकत असतात. सुयांकडे पाहणाऱ्या बाईसमोर माणूस मोकळा होतो, हे दोन्ही लेखिकांनी अचूक हेरलं होतं. त्याआधी, १८५९मध्ये, डिकन्सने याच कामाचा भयंकर उपयोग दाखवला होता. त्याची मादाम दफार्ज गिलोटिनवर चढवायच्या माणसांची नावं विणकामात गुंफून ठेवते.

ही नुसती कल्पनेची भरारी नव्हती.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या टपाल सेन्सॉरने परदेशी जाणाऱ्या पत्रांतून विणकामाचे नमुने पाठवायला बंदी केली. सगळं विणकाम सुलट आणि उलट टाक्यांवर चालतं. दोन खुणा हाताशी असल्या की मोर्सची कडकट्टही लिहिता येते. ‘दहा सुलट, दोन उलट’ अशा कागदात स्वेटर आहे की निरोप, हे तपासनिसाला कळायचं कसं?

मे १९४४मध्ये फिलिस लातूर ही २३ वर्षांची ब्रिटिश हेर पॅराशूटने नॉर्मंडीत उतरली. साबण विकणारी लहान पोर असल्याचं सोंग घेऊन ती सायकलवरून जर्मन सैनिकांमध्ये फिरे. तिचे सांकेतिक शब्द रेशमाच्या तुकड्यावर होते. वापरून झालेला संकेत ती टाचणीने टोचून ठेवायची, तुकडा विणायच्या सुईला गुंडाळायची आणि सुई केस बांधायच्या नाडीत सरकवायची. एका झडतीत तिने नाडी ओढून केस सरळ मोकळे सोडले. सैनिकांना काही सापडलं नाही. तिने १३५ संदेश लंडनला धाडले.

युद्धानंतर बऱ्याच वर्षांनी अमेरिकेत कथांमधल्या विणणाऱ्या बायकांच्या परंपरेला दुकान मिळालं. मोनिका फेरिसच्या ‘क्रूएल वर्ल्ड’मध्ये (१९९९) मिनेसोटातल्या एक्सेल्सियर या खऱ्याखुऱ्या गावात भरतकाम-विणकामाच्या सामानाचं दुकान आहे. मालकिणीचा खून होतो आणि दुकानासकट तपासही बहिणीच्या गळ्यात पडतो. मॅगी सेफ्टनच्या ‘निट वन, किल टू’मधलं (२००५) लोकरीचं दुकान कोलोरॅडोतल्या फोर्ट कॉलिन्सच्या एका खऱ्या दुकानावर बेतलेलं आहे. इथे नायिका हिशेबनीस आहे आणि खून तिच्या मावशीचा झाला आहे.

मिस मार्पल एकटी ऐकत असे. या दुकानांतल्या टेबलाभोवती सगळ्याच विणतात आणि सगळ्याच बोलतात. गावातली कुठलीही बातमी आधी या टेबलावर येते, मग पोलिसांकडे जाते. लेखिकेला त्यामुळे साक्षीदार शोधत हिंडावं लागत नाही.

खुनी सापडला म्हणून सेफ्टनचं पुस्तक लगेच मिटू नका. शेवटच्या पानांवर विणकामाचा एक नमुना आणि एक पाककृती दिलेली असते.