उरण : हरवलेल्या ठिकाणांची शोधफेरी

उरण : रायगड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. मुंबई बंदराच्या पूर्व बाजूस, खाडी आणि खाजणांनी मुख्य भूमीपासून तुटलेल्या जुन्या करंजा बेटावर हे गाव वसले. भराव, रस्ते आणि रेल्वे यांमुळे बेटपण आता डोळ्यांना दिसत नाही. वस्ती मुख्यतः आगरी, कोळी आणि कराडी समाजांची. भातशेती, मीठ आणि मासळी हे इथले तीन जुने धंदे. तालुक्यात घारापुरीचे बेटही येते, पण त्याच्या लेण्यांची माहिती सर्वत्र मिळते, म्हणून येथे विस्तार केलेला नाही.

उरण समजून घ्यायचे तर पायी फिरावे, आणि मुलांना सोबत घेऊन खजिन्याचा शोध खेळावा तसे फिरावे. फरक इतकाच, की इथे शोधायचे ते बहुतेक जागेवर राहिलेले नाही. सुरुवात रेल्वेपासून करणे सोयीचे. नेरूळ-बेलापूरहून खारकोपरपर्यंतचा टप्पा नोव्हेंबर २०१८ मध्ये सुरू झाला आणि पुढे उरणपर्यंतचा १२ जानेवारी २०२४ रोजी, अटल सेतू या सागरी पुलाच्या उद्घाटनाच्याच दिवशी. गाडी शेमटीखार, न्हावा-शेवा, द्रोणागिरी असे थांबे घेत उरणला येते. मुलांना पहिले कोडे इथेच घालावे: द्रोणागिरी स्थानकावर उतरून द्रोणागिरीचा डोंगर दाखवा. डोंगर तिथे नाही. तो उरण शहराच्याही पलीकडे, करंजाच्या बाजूला आहे. स्थानकाला नाव मिळाले ते सिडकोने (नवी मुंबई वसवणारे सरकारी महामंडळ) वसवलेल्या द्रोणागिरी नोडवरून (उपनगरावरून). हे स्थानक ज्यांच्या शिवारात आहे त्या बोकडवीऱ्याच्या ग्रामस्थांनी गावाचे नाव देण्याची मागणी केली, तशीच मागणी न्हावा-शेवा स्थानकासाठी नवघरकरांनी केली.

दुसरे कोडे अवघड आहे: न्हावा-शेवा स्थानकावर उतरून शेवा गाव शोधा. न्हावा आजही आहे. शेव्याचा कोळीवाडा मात्र आपल्या जुन्या जागी नाही. जवाहरलाल नेहरू बंदराच्या उभारणीसाठी १९८० च्या दशकात तो उठवण्यात आला, आणि २६ मे १९८९ रोजी बंदर सुरू झाले. जिथे होड्या ओढल्या जात, जाळी वाळत, त्या किनाऱ्यावर आज कंटेनर उतरवणाऱ्या क्रेन उभ्या आहेत. देशातील सर्वांत मोठ्या कंटेनर बंदरांपैकी एक असलेल्या या बंदराचे जगभरच्या जहाजी कागदपत्रांतले नाव ‘न्हावा शेवा’ असेच आहे. गावाचे नाव इतके दूर गेले आणि गावकऱ्यांना मात्र घर सोडून यावे लागले.

त्यांतील २५६ कुटुंबांची वसाहत उरण शहराजवळ बोरीपाखाडी येथे वसवली गेली. तिला हनुमान कोळीवाडा म्हणतात. शोधफेरीत ही जागा चुकवू नये, आणि ती बघायला जाताना घरात डोकावणारा पाहुणा होऊ नये. ठरलेल्या क्षेत्रापेक्षा फार कमी जमीन मिळाली, ही इथल्या लोकांची जुनी तक्रार. त्याहून कठीण गोष्ट वाळवीची. जमिनीतून चढणारी वाळवी दाराच्या चौकटी, वासे, कपाटे पोखरत जाते. बाहेरून शाबूत दिसणारे लाकूड बोटाने दाबले की आत भुगा निघतो. दुरुस्तीवर दुरुस्ती करत लोक राहिले, काहींनी घरे सोडली. योग्य पुनर्वसनासाठी त्यांनी उपोषणे केली, होड्या घेऊन बंदराकडे जाणाऱ्या जहाजांची वाट अडवण्याचा मार्गही धरला. कोळ्याला समुद्रापासून उठवून थोड्याशा जागेत बसवणे म्हणजे पुनर्वसन नव्हे, हे या वसाहतीत उभे राहिल्यावर कळते. उरणवरील कोणत्याही नोंदीत ही हकिगत बंदराच्या टनांच्या आकड्यांआधी यायला हवी.

सिडकोच्या भूसंपादनाविरुद्ध शेतकऱ्यांनी आपले नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली केलेल्या लढ्यात १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी पोलीस गोळीबार होऊन पाच जण हुतात्मे झाले. जासईला त्यांचे स्मारक आहे. संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड शेतकऱ्यांना परत देण्याची योजना याच लढ्यातून आली. त्याआधी २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहातही याच तालुक्याने गोळ्या झेलल्या होत्या.

जुन्या खुणांत चांजे आणि रानवड या गावांचे शिलालेख महत्त्वाचे. चांज्याच्या शके ११८२ (इ. स. १२६०) च्या लेखात शिलाहार राजा सोमेश्वराने एका बागेचे १६२ द्रम्मांचे (तेव्हाच्या नाण्यांचे) उत्पन्न ठाण्याच्या उत्तरेश्वर देवाला दिल्याची नोंद आहे, आणि ती बाग उरणमधील असल्याचे त्यात सांगितले आहे. म्हणजे गावाचे नाव साडेसातशे वर्षांहून अधिक काळ टिकून आहे. द्रोणागिरीच्या डोंगरावर पोर्तुगीज काळातील चर्चचे अवशेष आहेत. पोर्तुगीजांकडून बेट मराठ्यांकडे आले, १७७४ मध्ये इंग्रजांनी ते घेतले आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने त्यांच्याकडेच राहिले. इंग्रजी अमलात मोहाच्या दारूच्या भट्ट्या आणि मिठागरे यांवर उरणची भरभराट झाली. भट्ट्या गेल्या. मिठागरांचे बांध आणि खाडीचे पाणी आत-बाहेर सोडणाऱ्या उघाड्या मात्र भरावाच्या कडेने अजून ओळखता येतात. भरतीला तिथे आजही पाणी शिरते, आणि पाणजेच्या पाणथळीत हिवाळ्यात रोहित पक्षी उतरतात.

फेरीचा शेवट मोरा बंदरावर करावा. येथून मुंबईतील भाऊच्या धक्क्याला लाँच सुटतात. रेल्वे येण्याआधी मुंबईला जाण्याचा हाच जवळचा मार्ग होता. गाळ साचल्याने मोठ्या ओहोटीला लाँच धक्क्याला लागत नाहीत, तेव्हा निघण्यापूर्वी भरतीची वेळ विचारून घ्यावी. करंजा आणि मोरा परिसरात नौदलाचे प्रतिबंधित क्षेत्र आहे, तिथे कॅमेरा बंद ठेवावा. पावसाळ्यात डोंगराची वाट निसरडी असते, त्यामुळे चर्चचे अवशेष नोव्हेंबर ते फेब्रुवारीत पाहावेत. पिरवाडीचा किनारा, शहरातील विमला तलाव आणि देऊळवाडीची मंदिरे वाटेत सहज पाहून होतात.