देवमाशाचें गोत्र

ज्याला आपण देवमासा म्हणतों तो मासा नव्हे, ही गोष्ट शाळेंतील मुलालाहि ठाऊक असते. तरीहि प्राणिशास्त्राच्या नवशिक्या विद्यार्थ्यांना आम्ही पहिल्याच दिवशीं विचारतों, ‘हें तुम्हीं ठरविलें कशावरून?’ बहुतेकांची वाचा येथें बसते. उत्तर पाठ असतें. त्यामागील कारण कोणी सांगितलेलें नसतें. तें शोधण्यांत मनुष्यजातीचीं दोन हजारांहून अधिक वर्षें गेलीं, हें कळलें म्हणजे विद्यार्थ्याला आपल्या अज्ञानाची लाज वाटेनाशी होते.

ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांत अ‍ॅरिस्टॉटलनें लिहून ठेविलें होतें कीं, डॉल्फिन फुप्फुसांनीं श्वास घेतो आणि त्याची मादी पिलांना जन्म देऊन दूध पाजते. एवढें असूनहि स्वीडनच्या लिनीअसनें १७३५ सालीं ‘सिस्टिमा नॅच्युरी’ या ग्रंथाची पहिली आवृत्ति काढली, तेव्हां देवमाशांना माशांच्याच ओळींत बसविलें. १७५८ च्या दहाव्या आवृत्तींत मात्र त्यानें ‘सस्तन’ हा वर्ग योजिला आणि देवमासे त्यांत घातले. ज्या पंडितानें वर्गीकरणाची शिस्त जगाला लाविली, त्यालाहि ही चूक सुधारावयास २३ वर्षें लागलीं!

पंडितांनीं मानलें म्हणून लोकांनीं मानलें असें नाहीं. न्यूयॉर्कमध्यें माशांच्या तेलाची तपासणी करून तिचें शुल्क घेण्याचा कायदा होता. देवमाशाचें तेल विकत घेणाऱ्या एका व्यापाऱ्यानें, हें माशाचें तेलच नव्हे, म्हणून शुल्क नाकारलें. १८१८ सालीं खटला उभा राहिला. सॅम्युएल मिचिल या नामांकित शास्त्रज्ञानें व्यापाऱ्याच्या बाजूनें साक्ष दिली. परंतु ज्यूरीनें देवमासा मासाच ठरविला. डोळ्यांना दिसणाऱ्या आकारापुढें आंतील हाडांची साक्ष टिकली नाहीं.

येथवर प्रश्न खणांचा होता: कोणता प्राणी कोणत्या खणांत ठेवावा? डार्विनच्या १८५९ च्या ग्रंथानें प्रश्नच बदलला. त्या ग्रंथांत आकृति एकच आहे, आणि ती आहे फुटत जाणाऱ्या शाखांची. खणाच्या जागीं वंशवृक्ष आला. ‘हा प्राणी कोणासारखा दिसतो?’ याऐवजीं ‘हा कोणाच्या कुळांतला?’ असें विचारणें भाग पडलें. पाण्यांत तोंड उघडून किडे टिपणाऱ्या अस्वलापासून देवमाशासारखा प्राणी निपजूं शकेल, अशी कल्पना डार्विननें मांडली. तिची इतकी थट्टा झाली कीं पुढील आवृत्तींत त्यानें ती छाटून टाकली.

खरें गोत्र सांपडलें तें भारतखंडाच्या मातींत. १९८१ सालीं पाकिस्तानांतील कोहाटकडच्या खडकांतून मिळालेल्या सुमारें ५ कोटी वर्षांपूर्वीच्या ‘पाकिसेटस’ या प्राण्याचें वर्णन प्रसिद्ध झालें. तो पायांचा प्राणी; पण कानाचें हाड देवमाशाचें. पुढें डी. एन. ए. च्या परीक्षेनें पाणघोडा हा देवमाशाचा सर्वांत जवळचा जिवंत नातलग ठरविला. जीवाश्मांच्या कित्येक अभ्यासकांना हें पटेना. अखेर २००१ सालीं पाकिस्तानांतीलच प्राचीन देवमाशांच्या घोट्याचीं हाडें पुढें आलीं. तीं दोन्ही टोकांना कप्पीसारखीं होतीं, गाय, डुक्कर, हरीण यांच्या घोट्यांत असतात तशींच! २००७ मध्यें काश्मीरकडील कालाकोटच्या ‘इंडोहायस’ या लहानशा खुरी प्राण्यानें उरलासुरला संशय फेडला. भारतीय भूशास्त्रज्ञ ए. रंगा राव यांनीं पूर्वीं जमविलेल्या दगडांत तो दडून राहिला होता.

तेव्हां देवमाशाचे भाऊबंद समुद्रांत नसून आपल्या गोठ्यांत आहेत. गंमत अशी कीं, ज्या खणांतून त्याला बाहेर काढिलें तो ‘मासा’ नांवाचा खणहि आज अभंग राहिलेला नाहीं. फुप्फुसमासा हा वंशानें रोहू माशापेक्षां गाईला अधिक जवळचा आहे.

नवशिक्यानें नांवें अवश्य पाठ करावींत. परंतु प्रत्येक नांव हा त्या त्या काळापुरता दिलेला निकाल आहे, आणि नवें हाड हातीं येतांच तो फिरूं शकतो, हें विसरूं नये. ‘देवमासा’ हा शब्द मात्र आम्ही टाकणार नाहीं. आपल्या पूर्वजांनीं डोळ्यांनीं काय पाहिलें, हें तो प्रामाणिकपणें सांगतो. त्यापुढचें पाहणें हें आपलें काम.